आधी आयटम मास्टर साफ करा

गोव्यातल्या वेर्णा-कुंडईच्या कारखानदारांना कळकळीने सांगतो, नवीन सॉफ्टवेअर नंतर घ्या, आधी आयटम मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वस्तूंची कोडवार यादी, साफ करा. एकच बेअरिंग ‘६२०५ झेडझेड’, ‘६२०५-झेडझेड’ आणि ‘बेअरिंग ६२०५ झेडझेड’ असं तीनदा चढलं, की स्टॉक तिघांत वाटला जातो. खरेदीवाल्याला समोरच्या कोडवर शिल्लक शून्य दिसते, तो पुन्हा ऑर्डर टाकतो आणि पैसा रॅकवर अडकून पडतो.

एका वस्तूला एकच कोड ठेवा. नवा कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे द्या. जुन्या कोडची शिल्लक वळवून तो बंद करा, पण पुसू नका. पुसलात तर मागची बिलं जुळणार नाहीत. मग रोज दहा वस्तू प्रत्यक्ष मोजा, महागड्या आधी.

उलाढाल ५ कोटींवर असेल तर ई-इनव्हॉइसही (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवायचं बिल) स्टॉकच्याच सॉफ्टवेअरमधून काढा. पोर्टलवर हाताने पुन्हा टाइप केलं, की एचएसएन (जीएसटीसाठीचा वस्तूचा वर्गीकरण कोड) नाहीतर रक्कम हमखास चुकते.