चढ किती, चवडा किती: पुरुषांच्या मापाचे हीलचे बूट

कुडाळ, चिपळूण किंवा रत्नागिरीच्या बाजारात पुरुषाने तीन इंची हीलचे बूट मागितले की दुकानदार लेडीजच्या रॅककडे वळतो आणि विचारतो, ‘बायलेसाठी व्हये काय?’ त्या रॅकवरचा सगळ्यात मोठा नंबर सहसा सात किंवा आठ असतो. मग कसाबसा पाय शिरेल तो जोड घेतला जातो, नाहीतर ऑनलाइन मागवून परत पाठवला जातो. दोन्हीकडे चूक तीच. नंबर विचारलेला असतो, पाय मोजलेला नसतो.

टाचेचे बूट हे मुळात पुरुषांचंच पायताण. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून टाच वापरत, आणि फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट घालून दरबारात मिरवायचा. तेव्हा लाजायचं कारण नाही. दुकानात सरळ सेंटिमीटर सांगायचे.

मोजमाप संध्याकाळी घ्यावं. दिवसभराच्या उभं राहण्याने आणि आपल्याकडच्या दमट उकाड्याने पाय सुजतो. सकाळी मस्त बसलेला बूट रात्री कार्यक्रमाच्या वेळी चावतो तो यामुळेच. भिंतीला कागद टेकवून त्यावर उभं राहायचं, टाच भिंतीला, वजन दोन्ही पायांवर. पेन्सिल उभी सरळ धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायची. हे बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं शेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा धरायचा. मग शिवणकामाच्या टेपने चवड्याचा घेर, म्हणजे अंगठ्याच्या मुळाच्या हाडापासून करंगळीच्या मुळाच्या हाडापर्यंत पूर्ण वेढा. मग पायाच्या वरच्या उंचवट्याचा घेर. शेवटी टाचेच्या मागच्या कोपऱ्यापासून घोट्यासमोरच्या वळणापर्यंत तिरका वेढा. चेन नसलेल्या बुटात पाय शिरणार की अडकणार ते या शेवटच्या मापावर ठरतं, आणि नेमकं तेच कोणी घेत नाही. गुडघ्यापर्यंतचे बूट हवे असतील तर पोटरीचा सगळ्यात जाड भागही मोजा आणि तो जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही लिहून ठेवा. पायमोजे घालणार असाल तर ते घालूनच मोजा.

आता नंबर. युरोपीय नंबर म्हणजे बुटाच्या साच्याची लांबी, दर नंबराला दोन तृतीयांश सेंटिमीटर. ४२ नंबरचा साचा २८ सेंटिमीटरचा. त्यातून बोटांपुढची दीड-दोन सेंटिमीटर मोकळीक वजा केली की साधारण साडेसव्वीस सेंटिमीटरचा पाय उरतो. आपल्याकडे चालतो तो ब्रिटिश नंबर: साच्याची लांबी इंचांत, गुणिले ३, वजा २५. त्याच २८ सेंटिमीटरचा हिशेब ८ येतो. या दोन्ही पद्धतींत बाई-पुरुष असा भेद नाही. घोळ होतो तो अमेरिकन नंबरात. तिथे लेडीज नंबर पुरुषांच्या नंबरापेक्षा साधारण दीडने जास्त असतो, म्हणजे आपला ८ तिथे पुरुषांत ९ आणि लेडीजमध्ये साडेदहाच्या आसपास. त्यातही प्रत्येक कंपनीचा तक्ता एखाद्या नंबराने इकडेतिकडे होतो. त्यामुळे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये न देणाऱ्या तक्त्यावर विसंबून पैसे भरू नयेत.

लांबी जुळली तरी निम्मंच काम झालं. लेडीजचा साचा त्याच लांबीच्या पुरुषी साच्यापेक्षा अरुंद असतो, टाचेत तर जास्तच. त्यात आपले पाय मुळात रुंद. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० जणांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकन पायांपेक्षा रुंद असल्याचं त्यातून समोर आलं. लहानपणापासून अनवाणी आणि चपलांत वावरलेला पाय असेल तर चवडा आणखी पसरलेला असतो.

यावर बहुतेक जण एक नंबर मोठा घेतात, आणि इथेच फसतात. बूट लांब झाला की त्याची कमान तुमच्या कमानीच्या पुढे जाते. वाकायची जागा चवड्याखाली न येता बोटांखाली येते. पाय उतारावरून पुढे घसरतो, बोटं पुढे चेपतात आणि मागे टाच निसटत राहते. घट्ट आणि सैल दोन्ही तक्रारी एकाच वेळी आल्या तर समजावं, नंबर मोठा आहे. उपाय म्हणजे रुंद मापाचा जोड शोधायचा, नाहीतर योग्य लांबीचा खऱ्या चामड्याचा बूट घेऊन मोच्याकडे फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून घ्यायचा. ‘काका, चवड्याला तीन-चार मिलिमीटर ताणा, पुढची लांबी तशीच ठेवा’ एवढं सांगितलं की पुरतं. चामडं रुंदीत तेवढं देतं. रेक्झिन ताणलं की दोन दिवसांत मूळ जागी येतं किंवा शिवणीशी फाटतं.

दुसरा हिशेब चढाचा. डब्यावर लिहिलेली हीलची उंची पायाला जाणवत नाही. पायाला जाणवते हील वजा चवड्याखालचा प्लॅटफॉर्म. ७ इंची हील आणि पावणेतीन इंची प्लॅटफॉर्म म्हणजे सव्वाचार इंचांचा चढ. ५ इंची हील आणि ३ इंची प्लॅटफॉर्म दिसायला दणदणीत, पण चढ फक्त दोन इंचांचा. नवशिक्याने दुसरा घ्यावा. इथे मोठा पाय फायद्याचाही ठरतो. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर पायाच्या लांबीच्या साधारण ७० टक्के असतं. २७ सेंटिमीटरच्या पायाला ८ सेंटिमीटरचा चढ ढोबळमानाने २५ अंशांचा पडतो, साडेतेवीस सेंटिमीटरच्या पायाला तोच चढ २९ अंशांचा. मैत्रिणीला जी हील झेपत नाही ती तुम्हाला झेपू शकते, ती याच कारणाने.

तुम्हाला किती चढ झेपतो ते घरीच कळतं. भिंतीचा आधार घेऊन अनवाणी उभं राहा, चवडे जमिनीवर आणि टाचांखाली वह्या. एकेक वही वाढवत जा. गुडघे सरळ ठेवून टाच वह्यांवरून आणखी एक-दोन सेंटिमीटर उचलता येते तोवर तो चढ तुमचा. टाच उचलायलाच जमत नसेल किंवा गुडघे आपोआप वाकत असतील तर पोटरीत जोर शिल्लक राहिलेला नाही. तेवढ्या चढावर तुम्ही चालाल, पण ठेचकाळलात तर सावरणार नाही. वह्यांची थप्पी मोजा. तो आकडा चवड्याच्या घेराइतकाच महत्त्वाचा.

बूट हातात आला की पायात घालायच्या आधी तो उलटा धरा. एका हातात टाच, दुसऱ्या हातात टोक, आणि दोन्ही अंगठे मधल्या कमरेवर दाबा. कमर जराही दबता कामा नये. तिच्या आत टाचेपासून चवड्यापर्यंत पोलादी पट्टी असते. स्वस्त बुटांत ती पातळ असते किंवा पुठ्ठ्यावरच भागवलेलं असतं. ऐंशी किलोचा माणूस त्यावर उभा राहिला की कमर खचते, हील मागे कलते आणि पावलागणिक करकर आवाज येतो. मग बूट सपाट टेबलावर ठेवून बोटाने मागेपुढे ढकला. हीलचा तळ पूर्ण टेकला पाहिजे, डुगडुगता कामा नये. बहुतेक लेडीज हील हलक्या वजनाचा विचार करून केलेल्या असतात, त्यामुळे सुईसारख्या टाचेच्या वाटेला न जाता तळाशी निदान चार सेंटिमीटर रुंद असलेली ठोकळा हील घ्यावी. प्लॅटफॉर्म खाली जाताना थोडा बाहेर पसरणारा असावा. चवड्यापेक्षा अरुंद तळ म्हणजे घोटा मुरगळण्याची तयारी. चेन आणि लेस दोन्ही असलेला बूट सगळ्यात बरा: चेनने पाय आत जातो, लेसने वरचा उंचवटा आवळता येतो, आणि तो आवळला की पाय पुढे घसरत नाही. नवीन बुटात टाच चार-पाच मिलिमीटर उचलली गेली तर चालतं. एक सेंटिमीटर उचलली गेली तर परत करा. टाचेत फोम चिकटवून ते लपतं, बरं होत नाही. त्यापेक्षा जिभेच्या आतून पॅड लावावा, तो पायाला मागे ढकलतो.

मिळवायचे कुठून? दीड-दोन इंचांवर समाधान असेल तर पुरुषांचे क्युबन हीलचे (बुटक्या, जाड टाचेचे) बूट आणि लॅटिन नाचाचे बूट पुरुषी साच्यावरच मिळतात, आणि पहिला जोड तोच असावा. उंच प्लॅटफॉर्मसाठी प्लीझरसारख्या परदेशी कंपन्या मोठ्या मापांत बूट काढतात. त्यात कुरियर आणि आयातशुल्क धरून हिशेब करा आणि परत पाठवणं जवळजवळ अशक्य समजा.

आपल्याकडे सगळ्यात शहाणा मार्ग वेगळाच आहे. आधीच नीट बसणारा पुरुषांचा घोट्याच्या वरपर्यंतचा बूट घ्या आणि मोच्याकडून त्याला उंची चढवा. बुटाचा तळ खोल नक्षीचा असेल तर तो घासून सपाट करायचा. ईव्हीएची, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लास्टिकची, कडक शीट तळापेक्षा किंचित मोठी कापायची. दोन्ही पृष्ठभाग खरवडून दोन्हींवर सोल्यूशन लावायचं आणि बोटाला चिकट लागेल पण ओलं लागणार नाही इतपत, साधारण दहा-पंधरा मिनिटं, सुकू द्यायचं. ही पंधरा मिनिटं घाईत दोन केली की पहिल्या पावसात सोल जबडा उघडतो. आषाढात हवाच ओली असते, तेव्हा हेअर ड्रायरचा हलका शेक द्यावा. मग दाबून ठोकायचं, कडा घासायच्या आणि सगळ्यात खाली रबराची शीट. टाच आणि चवडा दोन्हीकडे सारखी तीन सेंटिमीटर वाढवली तर चढ बदलत नाही. मात्र जाड तळ वाकत नाही, म्हणून चवड्याच्या पुढचा भाग खालून वर घासत न्यावा, टोकाशी दीड-दोन सेंटिमीटर जमिनीपासून उचललेला. हे राहिलं की प्रत्येक उंबऱ्याला ठेच ठरलेली. फक्त हील वाढवायचा किंवा कापून कमी करायचा हट्ट मात्र धरू नका. एक सेंटिमीटरच्या पलीकडे गेलं की बूट पुढे झुकतो नाहीतर टोक हवेत राहतं.

बनवून घ्यायचे असतील तर मुंबईत धारावीत चामड्याचे कारागीर आहेत. सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेसने रात्रीतून दादरला पोचता येतं. कोल्हापूर बऱ्याच कोकणवासीयांना जवळचं, पण सपाट कोल्हापुरीतला उस्ताद हीलच्या बुटातला उस्ताद असेलच असं नाही. तो कसब निराळा. कारागिराला पहिला प्रश्न विचारायचा: ‘तुमचा फर्मा किती हीलचा आहे?’ एक इंची हीलच्या फर्म्यावर बूट ओढून खाली तीन इंची टाच ठोकली तर तो बूट कधीच नीट उभा राहत नाही. घेरही टाचेखाली वह्या ठेवूनच द्या, कारण टाच वर गेली की वरच्या उंचवट्याचा घेर बदलतो.

चालण्याबद्दल थोडकंच. पाऊल छोटं टाकायचं आणि उतारावर तिरकं उतरायचं. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ असतं, तिथे कडक प्लास्टिकचा तळ म्हणजे घसरगुंडी, रबर हवंच. पुळणीत ठोकळा हीलसुद्धा रुतते. गिअरच्या बाइकवर प्लॅटफॉर्म घालून बसू नका. जाड टोक गिअरच्या दांडीखाली शिरत नाही आणि तळाला ब्रेकचा अंदाज लागत नाही.

आता कोकणातलं खरं दुखणं. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, तळ दमट हवेत आतल्या आत सडतो. पाण्याची वाफ त्या प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडते, आणि हे बूट न वापरता ठेवले तरी होतं. माळ्यावर तीन-चार वर्षं डब्यात जपलेला जोड पायात घातला की शंकरपाळ्यासारखा भुगा होतो. ईव्हीए आणि रबराला हा रोग नाही, म्हणून घेतानाच तळ कशाचा आहे ते विचारा. रेक्झिनचा वरचा पापुद्रा सुटतो तोही बहुधा याच जातीचा प्रकार. चेन नायलॉनची घ्या, खाऱ्या हवेत धातूची अडकते. समुद्राच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसावेत. भिजलेले बूट रद्दी कोंबून पंख्याखाली दोन दिवस वाळवा आणि ओली झालेली रद्दी बदलत राहा. चुलीजवळ ठेवले की सोल्यूशन मऊ पडतं आणि तळ सुटतो. आतली पट्टी पोलादाची असते, ती ओली राहिली तर गंजते. बुरशी आली तर खळ्यात (अंगणात) नेऊन कोरड्या फडक्याने झाडायची, घरात नाही.

प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. सुती पिशवी, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि गुडघ्यापर्यंतच्या बुटात गुंडाळलेलं वर्तमानपत्र. गणपतीत घालायचे असतील तर आठवडाभर आधी काढा, तळाच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा आणि सोडा. खूण भरून आली तर ठीक. नख आत रुतलं किंवा पिवळसर चुरा पडला तर मोच्याकडे न्या आणि तळ रबराचा घालून घ्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मात्र त्याच्याकडे नंबर लागणार नाही.