मागे रांग आहे

गुरुवार, रात्री साडेदहा

"मॅडम, पाच मिनिटं विचार करू का?"

"बाळा, मागे रांग आहे."

एवढंच बोलणं झालं. अकरावी सायन्सचे विषय निवडायला आलेल्या त्या मुलीनं लगेच खूण केली, फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि बाबांच्या मागोमाग निघून गेली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी आणखी 42 फॉर्म घेतले. हे वाक्य मी प्रवेशाच्या दिवसांत किती वेळा म्हणते, त्याची मोजदाद नाही. आजच का रुतलं कोण जाणे.

खरं तर कळलं ते संध्याकाळी, फॉर्म टॅगला लावताना. बायफोकलच्या, म्हणजे व्यावसायिक विषयाच्या ओळीत, कॉम्प्युटर सायन्ससमोर, निळ्या पेनाची ठसठशीत खूण. आणि दोन ओळी वर, जीवशास्त्राच्या चौकोनात, शाईचा एक बारीक ठिपका. कागद उलटा करून बोट फिरवलं तर ठिपक्याच्या जागी उंचवटा लागतो. म्हणजे पेन तिथं नुसतं लागलं नव्हतं, टेकून थांबलं होतं. मग ते खाली गेलं.

तिनं एकच प्रश्न विचारला होता. बायफोकल घेतलं तर बायो राहतं का? मी म्हणाले, नाही राहत. उत्तर बरोबरच होतं. पण त्या "नाही"च्या पोटात केवढं काय काय आहे ते मला ठाऊक, तिला नाही, आणि तिच्या बाबांनाही नाही. ते आपले "घे गं, स्कोरिंग आहे" म्हणत होते. त्यांना कुणीतरी तसं सांगितलेलं.

पाच मिनिटांत काय सांगता आलं असतं, तेच लिहून बघते.

पहिलं म्हणजे सहा विषयांचा हिशेब. सायन्सला इंग्रजी सक्तीचं, फिजिक्स आणि केमिस्ट्री बहुतेक सगळे घेतातच. उरल्या तीन जागा. त्यात गणित, जीवशास्त्र आणि एक दुसरी भाषा किंवा आयटी. बायफोकल हा 200 गुणांचा विषय, म्हणजे तो दोन जागा खातो. दुसरी भाषा जाते आणि गणित-जीवशास्त्रातलं एक जातं. दोन लेखी पेपर 50-50चे आणि प्रॅक्टिकलचे 100. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, काही ठिकाणी स्कूटर-मोटरसायकल दुरुस्ती, काही ठिकाणी दुग्धशास्त्र. निम्मे गुण प्रॅक्टिकलचे, म्हणून "स्कोरिंग".

पण हे गुण पुढे कुठे लागतात, हे कुणी विचारत नाही. राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या जागा सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर जातात. बारावीचे गुण तिथं पात्रतेपुरते, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून) खुल्या गटात 45 टक्के आणि राखीव गटात 40. बायफोकलला 190 पडले काय आणि 150 पडले काय, गुणवत्ता यादीत नंबर तसूभर हलत नाही. स्कोरिंगचा खरा उपयोग एका जागी होतो. जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेवरून एनआयटी किंवा आयआयटीला जायचं तर बारावीला 75 टक्के, नाहीतर आपल्या बोर्डात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. त्यात पाच विषय धरतात, आणि पाचवा विषय चांगल्या गुणांचा असला तर हातभार लागतो. तिला तिकडे जायचं होतं का? विचारलंच नाही मी.

आता बायो सोडल्याचा अर्थ. 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा नाही देता येत. आणि नीट म्हटलं की लोकांना एमबीबीएसच दिसतं, पण बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस हे सगळं त्याच दारातून आत जातं. बीएस्सी नर्सिंगलाही बायो लागतंच. फार्मसीला मात्र गणित किंवा बायो कुठलंही चालतं, बीएस्सी अ‍ॅग्रीलाही. हे ऐकून पोरांचे चेहरे सैल होतात, मी पाहिलंय. 2023च्या नोव्हेंबरात वैद्यकीय आयोगानं सूचना काढली की बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून पास केलं तरी नीट देता येईल. दार पूर्ण बंद नाही, हे सांगायला हवं होतं. पण नीटच्या 720 गुणांत 360 बायोचे असतात. दोन वर्षं हात न लावलेला विषय नंतर एकटीनं उभा करायचा म्हणजे काय, तेही सांगायला हवं होतं.

आणि गणित सोडलं तर? इंजिनिअरिंग गेलं, आर्किटेक्चर गेलं, एनडीए या सैनिकी प्रबोधिनीतलं हवाई दल आणि नौदल गेलं. 2021पासून मुलींनाही एनडीएची परीक्षा देता येते, पण या दोन शाखांना फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही लागतात. स्टॅटिस्टिक्सची वाटही अवघड होते. बायो नंतर जोडून घेणारे थोडे तरी दिसतात, गणिताकडे परत आलेलं मूल माझ्या टेबलावर आजवर आलं नाही.

शिवाय गणित सोडणाऱ्यांना एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही, आणि ती ऑगस्टमध्ये वर्गात फुटते. अकरावीच्या फिजिक्सचा दुसराच धडा मॅथेमॅटिकल मेथड्स. त्यात व्हेक्टर आणि तोंडओळखीपुरतं डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन. गणिताच्या पुस्तकात डिफरन्सिएशन येतं ते दुसऱ्या भागाच्या शेवटच्या, नवव्या धड्यात. म्हणजे गणित घेतलेल्यांनाही ते फिजिक्सच्या तासाला कोरं असतं, आणि सोडलेल्यांना कायमचं कोरं राहतं. "मॅडम, आम्ही तर मॅथ्स सोडलंय" असं हवालदिल होऊन सांगणारी मुलं दरवर्षी याच धड्याला भेटतात. त्यांना जादाचे आठ-दहा तास दिले की सावरतात. त्रिकोणमितीची सूत्रं, आलेखाचा उतार आणि साधे पाच-सहा डेरिव्हेटिव्ह, इतकं पुरतं. मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण त्याहून वेगळी. संवेग म्हटलं की लख्ख कळतं, मोमेंटम म्हटलं की थबकतात. त्यांना पहिला महिना दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिलेली वही लागते, बाकी काही नाही.

दुसऱ्या भाषेबद्दल तर बोलायचीच सोय नाही. मराठी की आयटी, यावर घरात अर्धं मिनिटसुद्धा कुणी घालवत नाही. आयटीचा 80 गुणांचा पेपर ऑनलाइन, 20 प्रॅक्टिकलचे, लिहायचं कमी, म्हणून आयटी. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, डेटाबेस, सगळं उपयोगाचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण आठवड्यातले जे चार तास मूल आपल्या भाषेत निवांत बसतं, ते... असो. त्यावर लिहीत बसले तर रात्र सरेल.

तर त्या मुलीला काय सांगायला हवं होतं? की ठरत नसेल तर गणित आणि बायो दोन्ही ठेव. हे माझं मत आहे आणि ते मी ठामपणे सांगते. ओझं आहे, खोटं कशाला बोलू. तीन विषयांची 70 लेखी, 30 प्रॅक्टिकल अशी वाटणी, तीन जर्नलं, वर गणित. पण एक विषय सोडणं सोपं, जोडणं कठीण. सोडायचा तर पहिल्या चाचणीआधी अर्ज करायचा. सोडलेल्या जागी आयटी, हिंदी, भूगोल, मानसशास्त्र, कॉलेजात जे शिकवतात त्यातलं काहीतरी घ्यावं लागतं, कारण सहाचा आकडा पुरा व्हायला हवा. उशीर केला तर त्या नव्या विषयाचे तास बुडालेले असतात. उलट बाजूनं, सप्टेंबरात बायो हवं म्हणून आलेल्या मुलाला प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये जागा मिळत नाही, आणि मिळाली तरी जर्नलची मागची पानं दुसऱ्याची बघून भरावी लागतात. सूक्ष्मदर्शकातून काहीच न बघता काढलेली कांद्याच्या पापुद्र्याची आकृती मला दुरूनही ओळखू येते.

हे सगळं लिहायला मला अर्धा तास लागला. बोलायला पाच मिनिटं पुरली असती.

खोली क्रमांक चारला पंखा एकच, तोही दाराकडे. सकाळी नऊपासून बसलेली मी, डबा तीन वाजता उघडला. 2025-26पासून अख्ख्या राज्याची अकरावी एका पोर्टलवर आली, पसंतीला दहा कॉलेजं, पहिल्याच पसंतीचं लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. त्यामुळे पालक येतात ते आधीच धास्तावलेले. सगळा जीव कटऑफमध्ये आणि पसंतीक्रमात अडकलेला. विषयांचा फॉर्म म्हणजे शेवटचा एक कागद, सही करून सुटायचं. मी तरी काय करणार होते? सगळ्यांना पाच-पाच मिनिटं दिली तर रात्री नऊपर्यंत रांग संपायची नाही. आणि आम्हाला कुणी कधी विचारलंय का की तुम्हाला वेळ पुरतो का म्हणून? परवा मीटिंगमध्ये हेच बोलले तर... जाऊ दे.

पण मी सगळ्यांना नव्हतेच देणार पाच मिनिटं. बहुतेकांना ती नकोच असतात. ज्यांचं नववीतच ठरलंय ते वीस सेकंदांत खूण करतात. इंटिग्रेटेडवाल्यांची, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र घेतलेल्यांची यादी तर क्लासच छापून देतो. शेजारच्या कॉमर्सच्या टेबलावर एकच प्रश्न, एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) की मॅथ्स, आणि तिथल्या सरांचं एकच उत्तर. सीए करायचं असेल तर मॅथ्स घे, फाउंडेशनला गणित आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहेच. झालं. पूर्ण दिवसात माझ्याकडे वेळ मागितला तो एकीनं. 42 अधिक ती, अधिक सकाळचे, त्यातली एक.

रांग काही माझी नव्हती. ती माझ्या आधीही होती, उद्याही असेल, आणि तिच्यावर मी रागावून उपयोग नाही. तिला बाजूला बसवून पुढच्याला बोलवता आलं असतं. साधी गोष्ट होती. सुचली नाही, कारण डोकं आकड्यात होतं. सोळा वर्षांत न सुचलेल्या बऱ्याच गोष्टी आहेत, त्यात ही एक आज कळली. ठीक आहे.

बॅचेस अजून पडलेल्या नाहीत. हजेरीपट सोमवारी बनणार. जीवशास्त्राच्या ड तुकडीत दुपारपर्यंत तीन जागा शिल्लक होत्या, उद्या सकाळी प्रथम तेच बघते. फॉर्मवर नंबर बाबांचा आहे, फोन तेच उचलतील. त्यांना सांगेन की एका विषयाबद्दल मुलीशीच बोलायचंय, तिला फोन द्या. तिनं कॉम्प्युटर सायन्सच म्हटलं तर कॉम्प्युटर सायन्स, मग तो फॉर्म मी आनंदानं परत टॅगला लावीन. पण आधी तिला त्या ठिपक्याबद्दल विचारीन.

टॅगमधून तिचा फॉर्म काढून पर्समध्ये ठेवलाय. कॉलेजचा कागद घरी आणायचा नसतो, आणलाय.

उद्या शिपाईमामांना सांगायचं, प्रयोगशाळेतली दोन स्टुलं आणि एक पेन खोली चारच्या खिडकीशी ठेवा म्हणून. पेन दोऱ्यानं बांधून, नाहीतर दुपारपर्यंत जातं.