रजा मंजूर, पगार रुजू झाल्यावर

"रजा तर मंजूरच आहे ना तुमची, मॅडम. पगार तेवढा रुजू झाल्यावर निघेल."

एचआरच्या बाईंचं हे वाक्य मला शब्दनशब्द पाठ आहे. ६ जून २०२३, दुपारचे साडेतीन. मानेवाड्याच्या घरात कूलर घरघरत होता, अठरा दिवसांचं बाळ नुकतंच झोपलं होतं आणि बँकेच्या मेसेजमध्ये माझा पगार आला होता. सहा दिवसांचा. मे महिन्यात मी तेवढेच दिवस ऑफिसात होते ना!

बाकीची गोष्ट पटकन सांगते, कारण बाकी काही अडलं नाही. डॉक्टरांनी मे अखेरची तारीख दिली होती. कायद्याने प्रसूतीआधी ८ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते, पण एकूण २६ आठवड्यांतूनच ती जाते. मला ते दिवस बाळासोबत हवे होते म्हणून नागपूरच्या त्या उन्हातही शेवटपर्यंत वर्धा रोडवरच्या ऑफिसात जात राहिले. ८ मेपासून रजा, १९ मेला धंतोलीतल्या हॉस्पिटलमध्ये मुलगी. रजेचा मेल आधीच गेला होता, 'अप्रूव्ह्ड' असं उत्तरही आलं होतं. मला वाटलं, झालं.

तेच चुकलं. 'अप्रूव्ह्ड' म्हणजे फक्त येऊ नका, एवढंच.

आमच्याकडे ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) हा विषय नव्हता. महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्या आणि योजनेत नोंद असणाऱ्यांना प्रसूतीचे पैसे ईएसआयसीकडून मिळतात. माझा पगार ३४,००० होता, म्हणजे पैसे कंपनीनेच द्यायचे, १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याप्रमाणे. हे आधी स्वतःचं स्वतः तपासून घ्या, नाहीतर दोन दारांमध्ये चेंडू होतो. माझ्या वर्गमैत्रिणीचा झाला होता.

तर फोन. मी एकूण नऊ केले. पहिल्यांदा "हेड ऑफिसला विचारते". हेड ऑफिस पुण्याला. दुसऱ्यांदा "आपली पॉलिसी अशी आहे, अर्धा पगार रजेत, अर्धा परत आल्यावर तीन हप्त्यांत". अहो, ही पॉलिसी कुठे लिहिली आहे, असं विचारलं तर "प्रॅक्टिस आहे". तिसऱ्यांदा बाँड निघाला. परतल्यावर एक वर्ष नोकरी सोडणार नाही असं लिहून द्या, मग बघू. चौथ्या-पाचव्या फोनला बाई मीटिंगमध्ये. सहाव्याला मी आवाज चढवला आणि तिकडून अगदी शांतपणे आलं, "मॅडम, तुमची आता अशी अवस्था आहे, टेन्शन घेऊ नका." फोन ठेवून मी रडले. सासूबाई वर्ध्याहून आल्या होत्या, त्या दारातून म्हणाल्या, "काहून रडून राहिली वो? दूध आटते अशानं." मग मी आणखी रडले.

सातव्या फोनला नवीनच. म्हणे जन्माचा दाखला लागेल, बाळाच्या नावासकट. बारसं झालं नव्हतं, कारण आत्या दुबईहून जुलैत येणार होती आणि नावावर घरात दोन पक्ष पडले होते. डिस्चार्ज कार्ड मी २२ मेलाच पाठवलं होतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: कायदा डिलिव्हरी झाल्याचा पुरावा मागतो, बाळाचं नाव मागत नाही. शिवाय महापालिकेत जन्माची नोंद नावाशिवाय होते आणि दाखलाही तसाच निघतो. नाव मागाहून घालता येतं, १२ महिन्यांच्या आत फी पडत नाही. हॉस्पिटलने २१ दिवसांत नोंद पाठवली की नाही एवढं मात्र विचारून ठेवा. आमच्या हॉस्पिटलने पाठवली होती. मी बिनानावाचा दाखला पाठवला. उत्तर आलं नाही.

इथे नवऱ्याविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण त्या दिवसांत मला त्याचा फार राग यायचा आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तो केंद्र सरकारच्या खात्यात आहे. त्याला १५ दिवसांची पितृत्व रजा. एका ओळीचा अर्ज, दुसऱ्या दिवशी सही, पगार पूर्ण. ही रजा प्रसूतीआधी १५ दिवसांपासून ते बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. त्याने उत्साहात पहिल्याच दिवसापासून घेऊन टाकली. घरात तेव्हा माझी आई, सासूबाई, मावशी अशी फौज होती. त्याला कूलरमध्ये पाणी भरणं आणि डिंक आणणं यापलीकडे काम नव्हतं. आई यवतमाळला परत गेली, मी रात्रभर एकटी जागायला लागले, तेव्हा त्याची रजा संपलेली. बाबालोकांनो, फौज असताना रजा उडवू नका.

धाकट्या दिराची दुसरी तऱ्हा. तो हिंगण्याला खासगी कंपनीत. त्याच्या मुलाच्या वेळी त्याने दोन सीएल (किरकोळ रजा) टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी शिफ्टला गेला. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशात कायदाच नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक आणलं होतं, ते काही कायद्यापर्यंत पोचलं नाही. म्हणजे एकाच घरात एका भावाला १५ दिवस, दुसऱ्याला कंपनीची मर्जी.

जूनभर मी फोनच करत बसले, ही माझी चूक. रागाने बोलले की आपण काहीतरी केलं असं वाटतं. जुलैच्या पहिल्या सोमवारी नवरा अर्धा दिवस टाकून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारायला गेला. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅडमनी कायद्याखालची लेखी नोटीस दिली आहे का? तिची पोच कुठे?"

नोटीस? माझ्याकडे रजेचा मेल होता, त्यात 'प्लीज अप्रूव्ह' होतं. पैशाचा शब्द नव्हता.

तर ही नोटीस म्हणजे काय ते सांगते. कलम ६. मी अमुक तारखेपासून कामावर येणार नाही, या काळात दुसरीकडे काम करणार नाही, मातृत्व लाभाची रक्कम मला किंवा मी नेमलेल्या अमुक व्यक्तीला द्यावी. बस, इतकंच. गरोदरपणात देता येते, राहून गेली तर बाळंतपणानंतर लवकरात लवकर देता येते आणि दिली नाही म्हणून हक्क बुडत नाही. त्याच कलमात पैशाचंही वेळापत्रक आहे: प्रसूतीआधीच्या दिवसांचे पैसे गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ, नंतरच्या दिवसांचे प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. अठ्ठेचाळीस तास! मी बेचाळीस दिवस वाट पाहत बसले होते. "रुजू झाल्यावर" हा शब्द कायद्यात कुठेच नाही. बाँडही नाही.

४ जुलैला मांडीवर मुलगी घेऊन एका हाताने मेल लिहिला. आवाज चढवला नाही. नोटीस, डिस्चार्ज कार्ड, दाखला, रजेआधीच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा (रक्कम त्या तीन महिन्यांच्या सरासरीवर निघते) आणि खाली दोन ओळी: पैसे न दिल्यास कलम १७ प्रमाणे निरीक्षकाकडे तक्रार करेन, आणि कलम २१ मध्ये यासाठी कैदेची तरतूद आहे. तेव्हा ती किमान तीन महिने, कमाल एक वर्ष होती. तो मेल एचआरसोबत पुण्याच्या फायनान्सलाही टाकला. नवऱ्याने तेच कागद छापून ऑफिसच्या आवक खिडकीवर दिले आणि शिक्का मारून पोच घेतली. त्या शिक्क्यावर माझा मेलपेक्षा जास्त विश्वास होता.

११ जुलैला थकलेले सगळे पैसे आले. फोन नाही, मेल नाही, नुसता बँकेचा मेसेज. पुढचे दर महिन्याला आले. कायद्याप्रमाणे सगळे एकदम मागता आले असते, मी नाही मागितले. अंगात तेवढं बळ नव्हतं. ३,५०० रुपयांच्या वैद्यकीय बोनसवरही मी तेव्हा पाणी सोडलं. कंपनीने गरोदरपणातली आणि नंतरची देखभाल स्वतः मोफत दिली नसेल तर तो मिळतो; एचआर म्हणे मेडिक्लेम आहे ना. तुम्ही सोडू नका.

आठवलं म्हणून सांगते: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. पगारी सुट्ट्या त्यात धरतात. कायम नोकरीची अट नाही. २६ आठवडे पहिल्या दोन मुलांपर्यंत, त्यापुढे १२. दिवस मोजताना रविवार धरूनच मोजा. माझे १८२ दिवस ५ नोव्हेंबरला संपले, सोमवारी ६ तारखेला मी हजर, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. रजेत असताना कामावरून काढता येत नाही, हेही कायद्यातच आहे. आणि गर्भपात झाला तर ६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. आमच्या अकाउंट्समधली एक मुलगी आठवड्यात परत आली होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे माझा मेल जसाच्या तसा उचलू नका. २६ आठवडे, ८० दिवस आणि ४८ तास मात्र तिथेही आहेत.

परतल्यावर पाळणाघराचं विचारलं. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे ते हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं. आम्ही सत्तरच्या वर. एचआरच्या बाईंनी मला स्वतः नेऊन खोली दाखवली. दारावर मिकी माउसचा स्टिकर, आत छपाईच्या कागदाची खोकी छतापर्यंत. "लवकरच रिकामी करणार आहोत," म्हणाल्या. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर फोटो काढला आणि विचारलं, "मेल कोणाला करू, तुम्हाला की पुण्याला?"

डिसेंबरात खोकी हलली. आया फेब्रुवारीत आली.