पॉली करायचा का? पहिलं व्हॉइस कार्ड

मी बनवलेला मोनो सिंथ, म्हणजे एका वेळी एकच स्वर देणारा सिंथेसायझर, पेटीत बसला, सूरही धरतो. तेव्हापासून कीबोर्डवाल्या मित्राचं एकच टुमणं: "चार बोर्ड शेजारी लाव, झाला पॉली!" म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर, प्रत्येक स्वराला स्वतःचं सर्किट, म्हणजेच व्हॉइस. सिंथ बनवणाऱ्या ओबरहाइमने १९७५ मध्ये साधारण तेच केलं होतं: चार एसईएम मॉड्यूल (प्रत्येक म्हणजे एक छोटा सिंथच), एक कीबोर्ड. पण नॉबही चौपट. एक आवाज बदलायचा तर चार ठिकाणी हात. १९७८ च्या प्रॉफेट-५ सिंथमध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि पाचही व्हॉइस एका पॅनेलवर आले.

विकायचा विचार असता तर मी नाहीच म्हणालो असतो. चार व्हॉइसचा कोर्ग मिनीलॉग बाजारात असताना किमतीत त्याला कोण गाठणार? मला हवाय तो तानपुऱ्यासाठी. प, सा आणि खर्ज धरायला तीन व्हॉइस, चौथा गत वाजवायला. पॅराफोनिकमध्ये (स्वर अनेक, पुढचं सर्किट सामाईक) स्वस्तात भागलं असतं, पण तिथे फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमीजास्त करणारा भाग, एकच. गतीचा स्वर छेडला की खालचा षड्जही उघडतो, आणि तानपुरा असा दचकून कसा चालेल?

आता ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारा भाग. नाशिकची हवा व्हीसीओच्या, म्हणजे व्होल्टेजवर स्वर ठरवणाऱ्या ऑसिलेटरच्या, मुळावर येते. जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली, एप्रिल-मेमध्ये दुपारी ४० च्या आसपास. तापमानाची भरपाई नसेल तर व्होल्टेजवरून स्वराची उंची ठरवणाऱ्या एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरचं स्केल अंशामागे सुमारे ०.३३ टक्के सरकतं; म्हणजे संदर्भ स्वरापासून एका सप्तकावर दर अंशाला ४ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग). एकट्या मोनोत हे कानाआड करता येतं. धरलेल्या षड्जावर पंचम सरकला की लगेच टोचतं.

म्हणून १९८२ च्या रोलंड जुनो सिंथसारखा डीसीओ, म्हणजे डिजिटल घड्याळावर चालणारा ऑसिलेटर. पिको (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) ठरलेल्या वेळी रीसेट देतो, रॅम्प, म्हणजे तरंगाचा चढ, मात्र कपॅसिटरवर अॅनालॉगच चढतो. ब्रेडबोर्डवर स्वर पक्का लागला. गोम आवाजाच्या उंचीत आहे: वरच्या सप्तकात कपॅसिटर भरायला वेळ कमी, त्यामुळे करवतीचे दात बुटके. चार्जिंग करंट फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढवावा लागतो. सध्या पिकोचा पीडब्ल्यूएम (रुंदी बदलणाऱ्या स्पंदांचा सिग्नल) गाळून ऑपअँपला देतोय. ऑसिलोस्कोपवर मधली सप्तकं सरळ दिसतात. खर्जात पीडब्ल्यूएमच्या पायऱ्या मोठ्या पडतात, तिथे बहुधा वेगळा डॅक (आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिप) लागेल.

ते जमलं की दुसरं कार्ड, आणि दोन्ही एएस३३२० फिल्टर चिपचे कटऑफ (फिल्टर जिथून आवाज कापतो ती फ्रिक्वेन्सी) एका जागी आणायचे. चारही कार्डांचे पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) एकदम मागवणार नाही, मित्राने कितीही घाई केली तरी.