वाचू की म्हणू?

आपण गाणं ‘म्हणतो’. कविता म्हणतो, आरती म्हणतो, पाढेसुद्धा म्हणतो. या एका क्रियापदाने किती सोय करून ठेवलीय, ते परवा पाच वर्षांच्या भाचीला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक वाचताना कळलं.

पुस्तक आर्ची रोच यांचं, ‘टुक द चिल्ड्रन अवे’. ऑस्ट्रेलियातल्या या आदिवासी गीतकाराचं १९९० सालचं गाणं तीस वर्षांनी पुस्तक होऊन आलं. चित्रं पीटर हडसन यांची, शिवाय रोच यांच्या दिवंगत सहचारिणी, गायिका रूबी हंटर यांची रेखाटनं. मी ओळी तिथल्या तिथे मराठीत करून सांगत होतो. दोन पानं नीट गेली; तिसऱ्यावर आवाज आपसूक हेलकावे घ्यायला लागला. भाचीने मान वळवली. “मामा, वाच ना. गातोस काय?”

काय करणार, चाल डोक्यात बसलेली.

व्हिक्टोरिया राज्यातल्या फ्रॅमलिंगहॅमच्या वस्तीतून सरकारी माणसांनी लहानग्या रोचना उचलून नेलं. आदिवासी मुलं आईबापांपासून तोडायची, हे तिथलं कित्येक दशकांचं सरकारी धोरणच होतं. ते इतके लहान होते की त्यांना काही आठवायचं नाही. पुढे बॅन्जो क्लार्क या वडीलधाऱ्यांनी त्या दिवसाची हकिगत सांगितली आणि यावर गाणं कर म्हणून सुचवलं. म्हणजे स्वतःचीच गोष्ट आधी ऐकली, मग म्हटली. छापली ती सगळ्यात शेवटी.

‘टेल मी व्हाय’ हे आत्मकथन २०१९ मध्ये आलं, त्याच नावाच्या गाण्यांच्या अल्बमसोबत. मी दोन्ही एकदम घेतो. मेलबर्नमधल्या फिट्झरॉयच्या गल्ल्यांतली दारूची वर्षं नुसती वाचायला जड जातात. गाणं चालू असलं की डोळे त्याच्या लयीने सरकतात. तोवर त्यांना पक्षाघात होऊन गेला होता, फुप्फुसाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रियाही झाली होती. जुनी गाणी त्यांनी त्या उरलेल्या श्वासावर पुन्हा म्हटली. २०२० मध्ये तर पहिला अख्खा अल्बम घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नव्याने गायले. मला हाच आवाज जास्त आवडतो. श्वास घ्यायला ते थांबतात, तिथे मीही पान उलटायचा थांबतो.

एका गोष्टीत मात्र गाणं आणि आत्मकथन जुळत नाहीत. गाण्याच्या शेवटी मुलं परत येतात. आत्मकथनात पंधराएक वर्षांच्या मुलाला शाळेत बहिणीचं पत्र येतं, तेही आई गेल्याचं.

भाचीला यातलं काही सांगितलं नाही. शेवटचं पान मिटल्यावर तिनेच विचारलं, “आली ना सगळी घरी?”

“आली.”

“मग आता गा.”