आधी जागा, मग डबा : लोकलच्या एका डब्याला घर शोधताना

९ एप्रिल २०१६ च्या रात्री मी कुर्ला स्टेशनवर उभा होतो. हार्बर मार्गावरची शेवटची डीसी लोकल, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारी, तिथून सीएसटीकडे निघणार होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला याच मार्गावर, व्हीटी ते कुर्ला, देशातली पहिली विजेवरची गाडी धावली होती. पश्चिम रेल्वेवरचं डीसी २०१२ मध्ये गेलं होतं, आता आमच्या मध्य रेल्वेवरचंही गेलं. १५०० व्होल्टचा ९१ वर्षांचा संसार त्या रात्री आटोपला आणि सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज, आली.

मी कारशेडमध्ये ३१ वर्षं इलेक्ट्रिकल फिटर होतो. दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालो होतो. गाडी सुटताना फरशीखालून एकामागून एक येणारा कॉन्टॅक्टरचा, म्हणजे विजेच्या मोठ्या स्विचांचा, खटखट आवाज आणि पाठोपाठ रेझिस्टन्स तापल्याचा वास, हे माझं अर्धं आयुष्य. नव्या गाड्या चांगल्या आहेत, प्रवाशांच्या सोयीच्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या गाडीने मुंबईच्या तीन पिढ्यांना कामावर नेलं आणि घरी आणलं, तिचा एकही डबा लोकांना हात लावून बघता येईल असा शहरात कुठे ठेवलेला मला माहीत नव्हता. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये जुनं इंजिन आहे, ट्राम आहे. रोज उभं राहून प्रवास केला तो साधा सेकंड क्लास मात्र वजनाच्या भावाने भंगारात चालला होता.

आम्ही चौघं होतो. मी, एक निवृत्त मोटरमन, एक आर्किटेक्ट मुलगी आणि मुलुंडच्या एका शाळेतले विज्ञानाचे शिक्षक. ठरलं की एक डबा वाचवायचा, तोही पुढे मोटरमनची केबिन असलेला ट्रेलर, म्हणजे खाली मोटर नसलेला डबा. मोटार कोच, म्हणजे मोटर असलेला डबा, नको, कारण त्याचं वजन ट्रेलरच्या जवळपास दुप्पट. आमचा डबा तिसेक टनांचा.

पहिलं वर्ष पत्रव्यवहारात गेलं. चार माणसांच्या नावाने अर्ज चालणार नाही, संस्था हवी, असं सांगितलं गेलं, म्हणून शिक्षकांच्या शाळेच्या ट्रस्टच्या लेटरहेडवर नव्याने अर्ज केला. कंडेम, म्हणजे सेवेतून बाद, झालेल्या डब्याची भंगाराची किंमत भरायची होती. ती आम्ही वर्गणीतून जमवली. तो भाग लांबवत नाही. कागद पुढे सरकायला वेळ लागला, पण सरकले.

चूक आमची दुसरीकडे झाली. डबा मिळतोय या आनंदात जागेचं आम्ही तोंडी आश्वासनावर धरलं होतं.

जागेचा हिशेब आधी सांगतो, कारण हे करू पाहणारा प्रत्येक जण इथेच फसतो. लोकलचा डबा २०.७ मीटर लांब आणि ३.६६ मीटर रुंद. म्हणजे नुसता डबाच आठशे चौरस फुटांवर जातो. लोकांना भोवती फिरायला, आणि रंगकाम करताना शिडी लावायला, चारही बाजूंना दोन-दोन मीटर सोडले की दोन हजार चौरस फूट होतात. मुंबईत दोन हजार चौरस फूट मागायला गेलं की समोरचा माणूस आधी मनात गुणाकार करतो आणि मग तुमच्याकडे बघतो. आर्किटेक्ट मुलीने आम्हाला लंडनचं उदाहरण दाखवलं होतं. तिथे शोर्डिच भागात भूमिगत रेल्वेचे जुने डबे चक्क इमारतीच्या छतावर ठेवून त्यात कलाकारांना कामाला जागा दिली आहे. मोह पडला. पण तिथल्या ट्यूबचा डबा अंगाने बारीक. आपली लोकल पूर्ण बारा फूट रुंद, आणि ही रुंदीच पुढे प्रत्येक वळणावर आडवी आली.

आम्ही अकरा जागा पाहिल्या. माटुंग्याला उड्डाणपुलाखाली बाग झाली आहे, ती पाहून वाटलं की अशीच एखादी पुलाखालची पट्टी मिळाली तर फार छान. लांबी भरपूर, वर आयतं छप्पर, पावसाची काळजी नाही. शिक्षक खूश झाले. मोटरमन साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "क्रेन बूम कुठे उचलणार?" तीस टनांचं धूड उतरवायचं तर क्रेनचा हात वर जायला मोकळं आकाश लागतं. पुलाखाली ते नाही. डबा रुळांवरून ढकलत आत नेता येतो, पण त्यासाठी बाहेर तेवढीच लांब मोकळी जागा लागते, आणि बाहेर होता रस्ता. पुलाखालच्या तीन जागा त्या एका प्रश्नात गेल्या.

बंदराच्या बाजूला एक जुनं गोदाम होतं. आत उंची होती, दरवाजा रुंद होता. पण करार अकरा महिन्यांचाच मिळत होता, आणि दर अकरा महिन्यांनी डबा उचलणं म्हणजे दर वेळी क्रेन, रस्त्यावरचा ट्रेलर ट्रक, परवानग्या. शिवाय खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती दिवस टिकतं हे कारशेडवाल्याला सांगावं लागत नाही. बागा पाहिल्या, दोन कॉलेजं पाहिली. एका कॉलेजच्या प्राचार्यांनी मनापासून चहा पाजला आणि मनापासून नाही म्हटलं. त्यांचं पटांगण परीक्षेच्या काळात मांडवासाठी लागायचं.

शेवटी पूर्व उपनगरातल्या एका संस्थेने मैदानाचा कोपरा देतो म्हणून सांगितलं. त्या भरवशावर मे २०१७ मध्ये आम्ही डबा ताब्यात घेतला. उचलायच्या आठवडाभर आधी फोन आला की त्यांच्या कमिटीत एकमत होत नाही, पावसाळ्यानंतर बघू. इकडे यार्डात डबा ठेवायची मुदत संपत होती. त्यांना ती लाइन मोकळी हवीच होती. एक रेक, म्हणजे आख्खी गाडी, उभा करायची जागा किती मोलाची असते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांच्यावर रागही धरता येईना.

कळंबोलीच्या एका क्रेनमालकाने आम्हाला त्या वेळी वाचवलं. म्हणाला, "काका, माझ्या यार्डात कोपऱ्यात ठेवा. भाडं नको. पण वर छप्पर नाही बघा."

वाहतुकीचं थोडं सांगतो. रस्त्यावरच्या गाडीला रुंदीची मर्यादा २.६ मीटर, आणि आमचा माल त्याच्याहून मीटरभर जास्त रुंद. म्हणजे ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, मापाबाहेरचा माल), त्याची वेगळी परवानगी, पुढे-मागे पायलट गाडी, आणि हलवायचं ते रात्रीच. बोगीसकट, म्हणजे खालच्या चाकांच्या चौकटींसकट, डबा ट्रेलरवर चढवला तर उंची सिग्नलच्या खांबांना आणि केबलच्या वायरींना भिडते. म्हणून बोगी काढून दुसऱ्या गाडीवर घेतल्या. बॉडी लो-बेड ट्रेलरवर चढली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मी ट्रकच्या मागे मोटरमन साहेबांच्या गाडीत होतो. वाशीच्या खाडीपुलावर हवेने डब्यातल्या हाताच्या कड्या हलायला लागल्या आणि त्यांचा तो ओळखीचा आवाज मागे आमच्यापर्यंत आला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग पाऊस आला. आम्ही डब्यावर ताडपत्री टाकून दोऱ्यांनी गच्च आवळली होती, खालपर्यंत. मला वाटलं, आता पाणी शिरणार नाही. पाणी शिरलंही नाही. पण जमिनीतला ओलावा वर चढला आणि बाहेर जायला वाट नसल्याने आतच घामेजत राहिला. २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्या आम्ही आठवडाभरात सुकवून उभ्या केल्या होत्या, कारण सगळी झाकणं उघडी टाकून वारा खेळवला होता. तेच मी इथे विसरलो. ऑक्टोबरमध्ये ताडपत्री सोडली तर मागच्या अर्ध्या भागातली फरशीखालची चौकट पापुद्रे सुटून हातात येत होती. स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जायचा. डबा उघड्यावर ठेवावा लागलाच तर ताडपत्री अंगाला चिकटवू नका. वर पाइपचा सांगाडा करा, पत्रा आणि छप्पर यांच्यात हातभर फट ठेवा, बाजू मोकळ्या सोडा आणि डबा जमिनीपासून उंच ठोकळ्यांवर घ्या. माझ्या एका चुकीने अर्धा डबा गेला, म्हणून हे इतक्या तपशिलात लिहितोय.

त्या हिवाळ्यात आमच्यात पहिल्यांदा खरं भांडण झालं. आर्किटेक्ट मुलीने सुचवलं की मागचा भाग कापून टाकू, केबिन आणि तिच्या मागचा आठ मीटरचा तुकडा ठेवू. आठ मीटर म्हणजे तीनशे-सव्वातीनशे चौरस फूट, आणि तेवढी जागा मुलुंडच्या शाळेतच, जुन्या सायकल स्टँडच्या जागी मिळत होती. मोटरमन साहेब भडकले. "कापलेला डबा काय डबा असतो? मग फोटोच लावा ना भिंतीवर!" मीही त्यांच्याच बाजूने होतो. शिक्षकांनी शांतपणे विचारलं, "आख्खा डबा या यार्डात आणखी किती पावसाळे काढेल?" दोन काढले नसते. मला ते सगळ्यांत आधी कळलं होतं, आणि म्हणून मीच सगळ्यांत जास्त गप्प होतो.

न्यूयॉर्कने २००१ ते २०१० या काळात भूमिगत रेल्वेचे अडीच हजारांवर जुने डबे समुद्रात सोडले, माशांना कृत्रिम खडक म्हणून. त्यांचं संग्रहालय ब्रुकलिनमधल्या एका बंद पडलेल्या भुयारी स्टेशनात आहे, जिथे जुन्या गाड्या आपल्या रुळांवरून येऊन उभ्या राहतात. म्हणजे ज्यांच्याकडे आयतं स्टेशन आहे त्यांनाही सगळं ठेवता आलेलं नाही. हे मी मोटरमन साहेबांना सांगितलं. त्यांनी होकार दिला नाही, पण कापायच्या दिवशी ते आले.

खडूने रेघ मी मारली. छतापासून खाली, दोन खिडक्यांच्या मधोमध, सरळ यावी म्हणून ओळंबा लावून. गॅस कटर लावण्याआधी त्या पट्ट्यातली सीट आणि फरशीचे थर काढावे लागले, नाहीतर आग लागली असती. फरशी उचलली तर तिच्या खाली लोखंडी पन्हाळीत बायकांच्या केसातल्या पिना, एक जाड पुठ्ठ्याचं जुनं तिकीट, आणि अर्धा तुटलेला काळा कंगवा. लोकलचा पंखा अडकला की कंगवा घालून पातं फिरवायचं, ते ज्याने केलं असेल त्याच्या हातून तो निसटला असणार. कापलेल्या कडेला रंगाचे थर दिसत होते, पिवळा, तपकिरी, पुन्हा पिवळा, मध्ये शेंदरी प्रायमर. दर पीओएचला, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला, एक थर. मी ती कड तशीच न रंगवता ठेवायला लावली. वर फक्त पारदर्शक लेप आहे.

शाळेतलं काम त्या मानाने सरळ झालं. मुख्याध्यापिका बाईंची एकच अट होती, की मुलांना आत बसता आलं पाहिजे, काचेमागे ठेवायचं असेल तर नको. म्हणून जुना रंग खरवडताना त्यात शिसं असणार हे धरून ओलं करून, मास्क लावून, सुट्टीत काम केलं. पाया जमिनीपासून दोन फूट वर घेतला. ट्रस्टच्या इंजिनिअरने भार मोजून दिला. खाली १,६७६ मिलिमीटरच्या गेजने दोन जुन्या रुळांचे तुकडे टाकले. त्यांवर पुढची एक बोगी आहे, मागची बाजू पोलादी घोडीवर. छप्पर पत्र्याचं, डब्यापासून हातभर वर. फाटक अरुंद होतं, म्हणून भिंतीचे सहा फूट पाडून क्रेनने डबा आत घेतला आणि भिंत पुन्हा बांधली. भिंतीचा खर्च आमच्या अंदाजपत्रकात नव्हता. तो पालकांनी उचलला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये दार उघडलं. पाचवीतल्या मुलांना विजेचा पाठ आता तिथेच शिकवतात. पंख्याला कमी व्होल्टची वेगळी वायरिंग मी करून दिली, आणि पंख्याशेजारी एक कंगवा दोरीने बांधला आहे.

उरलेला बारा-तेरा मीटरचा भाग भंगारात गेला. त्याचे पैसे छपरात घातले. लोक आता मला फोन करून विचारतात की आम्हालाही डबा हवा, अर्ज कुठे करायचा. मी त्यांना आधी जागेची लांबी, रुंदी, फाटक, क्रेन आणि किती वर्षांचा लेखी करार, एवढंच विचारतो. उत्तर आलं की पुढे बोलतो.

मोटरमन साहेब दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतात, केबिनचा हॅंडल पुसतात, मुलांना हॉर्न वाजवू देतात. मी जूनच्या पहिल्या पावसात बॅटरी घेऊन जातो आणि कापलेल्या कडेला बोट फिरवून बघतो. यंदा उजव्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीखाली ओल होती. चौकटीचं रबर सुटलंय. रविवारी बदलणार आहे.