दोघं एका संघात कधी खेळणार?

शाळांमध्ये मुलांना भेटायला गेले की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक तिसरी-चौथीतला असतो आणि त्याच्या आवाजात तक्रार असते : "तुम्ही त्या दोघांना मोठं का करता?"

ते दोघं म्हणजे माझ्या पुस्तकांतले भाऊ. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहणारे, फुटबॉलशिवाय दुसरं काही न सुचणारे. पहिल्या पुस्तकात थोरला १० वर्षांचा आहे आणि धाकटा ७. पुढच्या प्रत्येक पुस्तकात दोघांचं वय एकेका वर्षाने वाढतं. मुलांना हे आवडत नाही. पहिल्या पुस्तकातला धाकटा त्यांच्याच वर्गात शोभणारा असतो, आणि बघता बघता तो हायस्कुलात जातो. पालक हीच गोष्ट जरा वेगळ्या तऱ्हेने विचारतात. नायक मोठा झाला की लहान वाचक तुटणार नाही का? कितीतरी मालिकांमधली मुलं वर्षानुवर्षं तेवढीच राहतात, मग यांनाच कशाला वाढवायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. वाढले नाहीत, तर ते दोघं कधीच एका संघातून खेळणार नाहीत.

हिशोब करून बघा. शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. थोरला १३ वर्षांचा होऊन शाळेच्या संघात पक्का होतो, तेव्हा धाकटा १० वर्षांचा असतो. नियमात तो बसतो, पण सरांच्या डोळ्यांसमोर तेराची दणकट पोरं असताना दहा वर्षांच्या पोराला जागा मिळत नाही. धाकट्याची वेळ येते तेव्हा थोरला सोळाचा होऊन वरच्या गटात गेलेला असतो. धाकटा तिथे पोचतो, तोवर थोरला १९ वर्षांचा, शाळेतून बाहेर. म्हणजे एका घरात, एका खोलीत, एका बॉलवर वाढलेले दोन भाऊ मैदानावर कायम एकमेकांना चुकवत राहतात. धाकट्याने ज्या संघात यावं, त्यातून थोरला नुकताच बाहेर पडलेला. ज्यांच्यात तीनेक वर्षांचं अंतर आहे अशा भावांना हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

मी स्वतः दोन भावांची बहीण. आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर बसून मी त्यांचा खेळ बघत आले, त्यामुळे ही पुस्तकं लिहायला बसले तेव्हा वेगळा अभ्यास करावा लागला नाही. गोल म्हणजे एका बाजूला दप्तर आणि दुसऱ्या बाजूला चपलांचा जोड. गोलात उभं राहायचं काम धाकट्याचं. त्यावर चर्चा होत नसे. मोठी पोरं मारणार आणि लहान अडवणार, पाय दुखेपर्यंत. याची गंमत पुढे कळते. रोज संध्याकाळी भावाचे फटके अडवणाऱ्या पोराला भावाचं अंग वाचता येऊ लागतं. माझ्या पुस्तकातला थोरला उजव्या पायाने लांब मारणार असला की आधी त्याचा डावा खांदा किंचित खाली जातो. हे थोरल्याला स्वतःला माहीत नाही, सरांना माहीत नाही, समोरच्या संघाला तर नाहीच. धाकट्याला माहीत आहे. दुसऱ्या पुस्तकात तो या खांद्यावर नजर ठेवून पहिल्यांदा भावाचा फटका अडवतो, आणि थोरला दोन दिवस त्याच्याशी बोलत नाही.

आता आठ वर्षांचा असताना पाहिलेला हा खांदा सोळा वर्षांचा झाल्यावर कसा उपयोगी पडतो, ते बघा. थोरला उजव्या बगलेवर बॉल घेऊन धावतोय, धाकटा मध्ये फॉरवर्ड आहे. खांदा खाली जातो आणि बॉल पायाला लागायच्या आधीच धाकटा पळत सुटलेला असतो. बचाव करणारे एक क्षण मागे पडतात. धाकटा सात वर्षांचाच राहिला असता तर ही धाव मी कुठून आणली असती? ती धाव म्हणजे गल्लीतल्या सगळ्या संध्याकाळी आहेत.

हे सगळं कोल्हापुरात घडतं, कारण तिथे शाळा सुटल्यावर फुटबॉल सुटत नाही. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींच्या नावाने आज फुटबॉलचे संघ खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं कोल्हापूरकराला सांगावी लागत नाहीत, आणि त्यांच्या जोडीला प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ आहेतच. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठाच्या पेठा तिथे लोटतात. पोरगा कुठल्या तालमीचा हे तो शाळेत जायच्या आधीच ठरलेलं असतं, कारण वडील त्याच तालमीचे असतात आणि बऱ्याचदा आजोबाही. तालमीच्या मोठ्या संघात वयाचा गट नाही. १६ वर्षांचा आणि १९ वर्षांचा तिथे एकाच रंगाची जर्सी घालून उतरू शकतात. दोन भावांना एकमेकांना न चुकवता गाठायची ती पहिली जागा. तिथे पोचायला धाकट्याला ९ वर्षं लागतात आणि मला १० पुस्तकं.

आणि कोल्हापूरच्या पोराला पुढची वाटही दिसते. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सातव्या पुस्तकात धाकटा त्यातला भारताचा एक सामना टीव्हीवर बघतो. त्या प्रकरणात गोल नाही, जिंकणं नाही, नुसतं एक घर टीव्हीसमोर बसलेलं आहे. तरी मुलं मला त्याच प्रकरणाबद्दल सगळ्यात जास्त बोलतात.

लिहिण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. मराठीत अगदी लहानांसाठी चित्रपुस्तकं आहेत, किशोरांसाठी कादंबऱ्या आहेत. नुकतंच स्वतःचं स्वतः वाचायला लागलेल्या मुलासाठी छोट्या प्रकरणांची पुस्तकं मात्र अजून हवी तेवढी नाहीत. या वाचकाला पाच-सहा पानांचं प्रकरण पुरतं. ते एका दमात संपलं पाहिजे आणि दुसरं सुरू करावंसं वाटलं पाहिजे. पहिल्या पुस्तकात मी जोडाक्षरं शक्य तितकी टाळली, वाक्यं चार-सहा शब्दांची ठेवली, अक्षर मोठं घ्यायला लावलं. भाऊ वाढत गेले तशी वाक्यंही लांब होत गेली. कारण वाचकही वाढतो. दुसरीत पहिलं पुस्तक वाचलेलं पोर पाचवीत चौथं वाचतं, तेव्हा त्याला लहान पोरासारखं वागवलं तर त्याला राग येतो, आणि तो रास्त असतो. ज्या पालकांना लहान वाचक तुटायची भीती वाटते, त्यांना मी हेच सांगते. आज दुसरीत असलेल्या मुलाने आज पहिलं पुस्तक घ्यावं. त्याच्यापुढे सगळी पुस्तकं त्याच्या वयाबरोबर चालायला तयार आहेत.

सामना लिहायचा तर पूर्ण लिहून चालत नाही. कोण कोणाला पास देतो हे ओळीने लिहिलं की वाचणारं पोर तिसऱ्या पासला जांभई देतं. एका पुस्तकात मी अख्खं प्रकरण एका थ्रो-इनवर लिहिलं आहे. बॉल बाहेर गेलाय, धाकट्याच्या हातात आहे, तो ओला आहे, आणि चिखलाने भरलेल्या बोटांत सीम सापडत नाहीये. समोर तीन जण हात वर करून मागतायत. कोणाला टाकायचा? एवढंच. मैदानावर त्याला दोन सेकंद लागतात, पण खेळणाऱ्या पोराला ते दोन सेकंद केवढे असतात हे सांगायला मला पाच पानं लागली.

दुसरी एक मागणी आयांकडून येते, तिचंही उत्तर देते. दोघं भाऊ फार भांडतात, मारामारी करतात, ते कमी करा. मी कमी करणार नाही. चौथ्या पुस्तकात थोरला धाकट्याचे नवे स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, न विचारता घालून जातो आणि ते फाडून आणतो. रात्री दोघांची झोंबाझोंबी होते, आईला मध्ये पडावं लागतं. हे काढलं तर त्यांचं प्रेम खोटं होईल. भाऊ एकमेकांना मापतात. कोण उंच झाला, कोणाला सरांनी शाबासकी दिली, बाबा कोणाचा सामना बघायला आले. यातलं काहीच सुटत नाही. सगळ्यात अवघड असतं ते धाकटा पुढे जातो तेव्हा.

मुलांना मी अशा वेळी चार्ल्टन भावांची गोष्ट सांगते. इंग्लंडच्या उत्तरेला अॅशिंग्टन नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव, वडील खाणीत, घरात चार भाऊ. जॅक थोरला, बॉबी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. इंग्लंडच्या संघात आधी आला तो बॉबी, १९५८ साली. जॅकला त्यानंतर ७ वर्षं थांबावं लागलं. तो १९६५ साली पहिल्यांदा देशासाठी खेळला तेव्हा तिशीला टेकला होता. पुढच्याच वर्षी, १९६६ साली, वेम्ब्लीवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोघं भाऊ एकत्र उतरले आणि इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ ने हरवलं. या सात वर्षांत जॅकला काय वाटत असेल, असं मी विचारते. वर्ग एकदम बोलायला लागतो. त्यात धाकटी भावंडं एक बोलतात आणि थोरली दुसरंच. पुढे त्या दोघांमध्ये बरीच वर्षं दुरावा आला, तेही मी लपवत नाही. आणि २००८ साली बॉबीला बीबीसीचा जीवनगौरव मिळाला तो जॅकच्या हातून, हेही सांगते.

जवळची गोष्ट हवी असेल तर १९११ ची आहे. मोहन बागान या कलकत्त्याच्या क्लबने २९ जुलैला तिथेच आयएफए शील्ड या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्कराच्या संघाला २-१ ने हरवलं. संघातल्या अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळत होते. कर्णधार शिबदास भादुरी डाव्या बगलेवर आणि त्याच्या शेजारी आत त्याचा थोरला भाऊ बिजयदास. मोहन बागान आधी एका गोलने मागे होतं. शिबदासने बरोबरी साधली आणि अभिलाष घोषने विजयी गोल केला. मुलांना अनवाणी पायांचं फार अप्रूप वाटतं. मला वाटतं ते दोन भाऊ शेजारीशेजारी होते याचं, आणि धाकट्याच्या हाताखाली थोरला खेळला याचं. कोल्हापूरच्या माझ्या थोरल्याला हे जमायला दोन पुस्तकं जातात.

दहाव्या पुस्तकात ते एकदाचं घडतं. शाहू स्टेडियम, तालमीची जर्सी, दोघंही पहिल्या अकरांत. हे पुस्तक आल्यापासून मुलांचा प्रश्न बदलला आहे. आता ती विचारतात, मालिका संपली का?

संपलेली नाही. पुढच्या पुस्तकात थोरला दुसऱ्या तालमीकडून खेळायला जाणार आहे, आणि घरात यावरून मोठं वादळ होणार आहे. असं होतं. २०१० च्या विश्वचषकात जेरोम बोआटेंग जर्मनीकडून आणि त्याचा सावत्र भाऊ केविन-प्रिन्स घानाकडून एकमेकांविरुद्ध उतरले होते. पुढच्या पुस्तकाची ही बातमी मी एका वर्गात फोडली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मग धाकट्याला सगळं माहीत आहे ना, खांद्याचं. तो आपल्या संघाला सांगणार?"

त्या सामन्याचं पहिलं प्रकरण मी याच प्रश्नापासून सुरू केलं आहे.